पॉवरपॉइंटशिवाय एक सत्र

मे महिन्यात शाळेच्या कार्यालयाकडून सूचना आली. पुढच्या सत्रापासून सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरचा परवाना फक्त कार्यालयातल्या संगणकांपुरता राहील, वर्गांसाठी ‘योग्य ते पर्याय वापरावेत’. योग्य ते म्हणजे कोणते, हे अर्थातच कुणी लिहिलं नव्हतं. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दर सत्रात मुलांचे गट पडतात, प्रकल्प होतात, त्यांचं सादरीकरण होतं आणि त्याला गुण असतात. हे सगळं ज्या एका सॉफ्टवेअरवर चालत आलं होतं, तेच आता वर्गातून जाणार होतं.

आता सत्र संपलंय. ज्यांच्यावर हीच वेळ आली आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी जे जसं घडलं ते त्याच क्रमाने लिहिते.

सुरुवात अर्थात शोधण्यापासून झाली. ‘पॉवरपॉइंटला पर्याय’ असं टाकलं की यादीमागून यादी येते, आणि प्रत्येक यादीत प्रत्येक साधन ‘सोपं, आकर्षक आणि मोफत’ असतं. दोन संध्याकाळी त्यात घालवल्यावर मी याद्या मिटल्या आणि कागदावर प्रश्न लिहून काढले. तयार फाइल शेवटी कोणत्या यंत्रावर उघडणार? मुलं ती कशावर बनवणार? एका फाइलवर तिघाचौघांना एकाच वेळी काम करता येईल का? मराठी अक्षर नीट उमटतं का? आणि ती सेवा बंद पडली किंवा खातं गेलं, तर केलेलं काम बाहेर काढता येतं का?

शेवटच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त अडून बसले. ब्राउझरमध्ये हलती चित्रं चालवणारं फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं आणि त्यावर शिक्षकांनी खपून बनवलेल्या हलत्या आकृत्या ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. गूगलचं जॅमबोर्ड, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचा ऑनलाइन फळा, अनेकांच्या वर्गात रुळलं होतं, तेही ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं. तेव्हा नवीन घरात शिरण्याआधी मागचं दार कुठे आहे ते बघून ठेवायचं, असं ठरवलं. प्रत्येक साधनात खातं उघडल्यावर मी आधी डिझाइन न बघता ‘डाउनलोड’ची यादी उघडायचे. त्यात पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटच्या फाइलचा प्रकार) आहे का, पीडीएफ आहे का, की फक्त दुवा मिळतो? मोफत खात्याला त्यातलं काय खुलं आहे? अर्धी नावं तर इथेच गळली.

मे महिन्याचा उरलेला भाग चाचणीत गेला. लिब्रेऑफिसचं इम्प्रेस संगणकावर बसवलं. ते पूर्ण मोफत आहे, खातं लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि जुन्या पीपीटीएक्स फाइली उघडतं. किचकट ॲनिमेशन आणि मजकुराच्या चौकटी मात्र कधीकधी इकडच्या तिकडे सरकतात. त्यात एक सोय आहे जी फारशी कुणाला माहीत नसते. पीडीएफ करताना ‘हायब्रिड पीडीएफ’ हा पर्याय निवडला की मूळ फाइल त्या पीडीएफच्या पोटातच राहते. कुठेही ती साधी पीडीएफ म्हणून दिसते आणि लिब्रेऑफिसमध्ये उघडली की पुन्हा बदलता येते. मला एकटीला धडे तयार करायला एवढं पुरेसं होतं. पण मुलांचं काम फोनवर आणि चौघांनी मिळून चालतं, तिथे इम्प्रेसचा उपयोग नव्हता.

त्यासाठी गूगल स्लाइड्स. दिसायला साधं, जवळजवळ रुक्ष, पण एका फाइलवर सगळा गट बसू शकतो, फोनच्या ॲपमधून मजकूर आणि फोटो घालता येतात आणि कुणी काय बदललं याची नोंद राहते. कॅनव्हा त्याच्या उलट: दिसायला देखणं, साचे तयार, मुलांना लगेच आवडतं. त्यात ‘कॅनव्हा फॉर एज्युकेशन’ ही शाळांसाठीची वेगळी मोफत योजना आहे आणि विद्यार्थी तिच्यात शिक्षकाच्या निमंत्रणावरून येतात. कॉलेजच्या प्राध्यापकांनी लक्षात घ्यावं, ही योजना शालेय शिक्षणापुरती आहे. प्रेझी २००९ मध्ये बुडापेस्टमधून आलं. एका मोठ्या फलकावर हवं तिथे झूम करत जायचं ही त्याची कल्पना. पेशीपासून अवयवापर्यंत जायचं असेल तर झकास, बाकी विषयांत डोळे गरगरतात. शिवाय मोफत खात्यावर केलेलं सादरीकरण सार्वजनिक असतं. अल्पवयीन मुलांची नावं आणि फोटो असलेल्या कामासाठी मी ते तिथेच सोडलं. मेंटिमीटर हे खरं तर सादरीकरणाचं साधनच नव्हे, प्रश्न विचारण्याचं आहे. मुलं कोड टाकून उत्तर देतात आणि पडद्यावर स्तंभ उभे राहतात. मुलांना खातं लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. मोफत योजनेत किती जणांनी भाग घ्यायचा याला दरमहा मर्यादा असते. ती बदलत राहते, म्हणून वर्गात न्यायच्या आदल्या दिवशी त्यांच्याच पानावर बघून घ्या.

ज्या ठिकाणी मोफत चाचणीसाठी कार्डाचा तपशील मागितला, तिथून मी परत फिरले. मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात आणि ते रद्द करण्याचं बटण कुठल्या कोपऱ्यात असेल सांगता येत नाही.

मराठीची चाचणी मात्र मी निवांतपणे केली. एकच स्लाइड तयार ठेवली आणि तीच प्रत्येक साधनात चिकटवून बघितली: ‘दुसऱ्या प्रयोगात ऊर्ध्वपातन. वाऱ्याची दिशा. श्वसन व ज्ञानेंद्रिये. ओझोनच्या थराचा ऱ्हास.’ विज्ञानाच्या पुस्तकात रोज लागणारे हे शब्द, आणि साधनाची परीक्षा बघायला एवढे पुरतात. ‘दुसऱ्या’तला अर्धा र नीट बसतो का, ‘ऊर्ध्व’वरचा रफार जागेवर राहतो का, ‘ऱ्हास’ तुटतो का. बहुतेक ठिकाणी युनिकोडमधला, म्हणजे आजच्या सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतातला, मजकूर ठीक उमटला. गडबड झाली ती साच्यांमध्ये. इंग्रजीसाठी बनवलेल्या साच्यात शीर्षकाची अक्षरं लांब लांब ठेवलेली असतात. त्यात मराठी शब्द टाकला की शिरोरेखेचे तुकडे पडतात आणि ‘ऊर्ध्वपातन’ दोरी तुटलेल्या तोरणासारखं दिसतं. उपाय सोपा आहे: अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणायचं. ओळींमधलं अंतर मात्र थोडं वाढवायचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. एकेक अक्षर उडत येणारं ॲनिमेशन मराठीला लावूच नका, जोडाक्षरं वाटेत सुटतात. अख्खा शब्द किंवा अख्खी ओळ येऊ द्या.

फॉन्टपैकी मी मुक्तावर थांबले. तो मोफत आहे, जाड-बारीक वजनं भरपूर आहेत आणि मागच्या बाकावरून वाचता येतो. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर ‘टिरो देवनागरी मराठी’ सुंदर आहे, पण त्याच्या रेषा नाजूक, म्हणून शीर्षकापुरता. गूगल स्लाइड्समध्ये फॉन्टच्या यादीत ‘मोअर फॉन्ट्स’मध्ये जाऊन लिपी देवनागरी निवडली की हे सगळे दिसतात.

माझ्या जुन्या नोट्स युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या होत्या. त्या ब्राउझरमधल्या साधनात चिकटवल्या की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला होतो. त्या फॉन्टप्रमाणे रूपांतर करणारी साधनं मिळतात. रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात. माझा जूनचा पहिला आठवडा यातच गेला आणि त्याबद्दल कुणी एक रुपया देत नाही. ‘मोफत’ साधनांचा खर्च मोजायचा तर तो इथे मोजावा.

मग आलं कागदपत्रांचं प्रकरण. साधन निवडलं म्हणजे वापरता येतं असं नसतं. ‘बाहेरची ऑनलाइन सेवा वापरण्यासाठी परवानगी’ असा आमच्याकडे एक अर्ज आहे. त्यात रकाने असे: सेवेचं नाव, विद्यार्थ्यांची कोणती माहिती घेतली जाते, ती कुठे साठवली जाते, किती काळ राहते, पुसायची कशी, पालकांची संमती घेतली का. पहिला रकाना सोडला तर बाकी कशाचंही उत्तर मला माहीत नव्हतं. ते गोपनीयता धोरणात असतं, आणि ते धोरण कुणी वाचू नये अशाच बेताने लिहिलेलं असतं. मी सुरुवातीपासून वाचण्याऐवजी पानावर ‘चिल्ड्रन’, ‘रिटेन’ (राखून ठेवणे) आणि ‘डिलीट’ हे शब्द इंग्रजीत शोधले. हव्या त्या ओळी तिथेच सापडल्या. शब्द अजिबात सापडत नसतील, तर ती सेवा मुलांसाठी विचार करून बनवलेली नाही, असं मी धरते.

शिक्षकांना पूर्ण सुविधा मोफत देणाऱ्या एका सेवेकडे पडताळणीचा अर्ज केला. शिक्षक असल्याचा पुरावा हवा होता. ओळखपत्राचा फोटो पाठवला, काही दिवसांनी अर्ज परत आला. खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नाही, एवढंच कारण. खात्यावर माझं नाव आणि आडनाव, ओळखपत्रावर मधलं नावही. खात्यावरचं नाव ओळखपत्राबरहुकूम केलं, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं पत्र शाळेच्या लेटरहेडवर घेतलं, त्याची पीडीएफ जोडली आणि पुन्हा पाठवलं. उत्तर यायला आणखी आठवडाभर लागला. मधल्या काळात दुसरा अर्ज टाकू नका, रांगेत दोन अर्ज झाले की गोंधळ वाढतो. शाळेचा ईमेल पत्ता असेल तर तोच वापरा, खासगी पत्त्यावरून पडताळणी जास्त रेंगाळते असा माझा तरी अनुभव आहे.

त्यानंतर संगणक विभाग. १८ वर्षांखालच्या मुलांच्या शालेय गूगल खात्यावरून बाहेरच्या साधनात शिरायचं असेल, तर ते ॲप आधी ॲडमिनने, म्हणजे शाळेची खाती सांभाळणाऱ्याने, मंजूर करावं लागतं. केलं नसेल तर मुलांच्या पडद्यावर ‘प्रवेश नाही’ असं येतं आणि शिक्षकाच्या खात्यावर सगळं व्यवस्थित चालतं. त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही. ॲडमिनकडे एक चाचणीचं विद्यार्थी-खातं मागा आणि त्यावरून स्वतः आत जाऊन बघा. मला ते मागायला संकोच वाटत होता, कारण आमचे ॲडमिन सर नेहमी घाईत असतात. मागितल्यावर त्यांनी लगेच दिलं. ‘बरं झालं मॅडम, नाहीतर पहिल्या तासाला सगळे माझ्या दारात आले असते,’ एवढंच म्हणाले.

जुलैत प्रत्यक्ष सुरुवात झाली. पहिल्या तासाला सगळा वर्ग एकाच गूगल स्लाइड्स फाइलवर घेतला, ओळख व्हावी म्हणून. दहाव्या मिनिटाला दुसऱ्या गटाच्या स्लाइड गायब होत्या आणि पहिल्या स्लाइडवर कुणीतरी मांजर बसवलं होतं. ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडून मी दहा मिनिटांपूर्वीची प्रत परत आणली, तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती मला वर्षभर पुरेल. कोणी काय केलं हे नावानिशी दिसतं, हे मुलांना त्या क्षणी कळलं. पुढे मांजर आलं नाही.

गटांना वेगळी प्रत द्यायची असेल तर एक युक्ती आहे. फाइलच्या दुव्याच्या शेवटी असलेला ‘एडिट’ आणि त्यापुढचा सगळा भाग खोडून तिथे रोमन लिपीत ‘कॉपी’ लिहायचं. तो दुवा उघडणाऱ्याला थेट स्वतःची प्रत करण्याचं बटण दिसतं, मूळ फाइलला हात लागत नाही. प्रत झाल्याबरोबर गटाचं नाव घालायला सांगा, नाहीतर सगळ्यांची फाइल ‘कॉपी ऑफ’ने सुरू होते आणि तपासताना जीव जातो.

जुलैच्या शेवटी लक्षात आलं की साधन बदलल्याने मुलांच्या सवयी बदलत नाहीत. परिच्छेदच्या परिच्छेद स्लाइडवर चिकटवायचे आणि पाठमोरं उभं राहून वाचायचे, हे जसंच्या तसं नवीन ठिकाणी आलं, फक्त रंगीत झालं. त्यात आपोआप स्लाइड बनवून देणारी साधनं. एका गटाने परासरणावर अशी स्लाइड आणली. वाक्यं गुळगुळीत, एकही चूक नाही. मी मधलं एक वाक्य दाखवून विचारलं, ‘अर्धपार्य पटल म्हणजे काय?’ चौघंही एकमेकांकडे बघायला लागले. मग एकजण म्हणाला, ‘मॅडम, ते आलं आपोआप.’ त्यानंतर नियम केला: स्लाइडवरच्या प्रत्येक शब्दाला मी बोट ठेवून विचारू शकते. बंदी घातली नाही, पण पुढच्या फेरीत स्लाइडवरचा मजकूर निम्म्यावर आला. त्याच गटाने मग बटाट्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात ठेवून दर तासाला फोटो काढले आणि स्लाइडवर फक्त ते फोटो लावले. कॅनव्हा, स्लाइड्स, इम्प्रेस, कशावरही ते तितकंच चांगलं दिसलं असतं.

ऑगस्टमध्ये कॅनव्हावर काम केलं. साच्यांमुळे वेग आला, पण मुलांचा वेळ पार्श्वभूमी निवडण्यात जातो. म्हणून आधी कागदावर मजकूर, मग साचा, आणि साच्यासाठी एक तास, असं बांधून दिलं. एका मुलीला जवळचंही अंधुक दिसतं. तिच्या निमित्ताने रंगांकडे बघायला शिकले. फिकट राखाडीवर पांढरी अक्षरं साच्यात फार छान दिसतात आणि वाचता कुणालाच येत नाहीत. वेबसाठीच्या सुलभतेच्या निकषांनुसार मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा काँट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. तो मोजणारी मोफत साधनं ब्राउझरमध्ये मिळतात. शिवाय प्रत्येक चित्राला ‘ऑल्ट टेक्स्ट’ म्हणजे चित्राचं एका ओळीत वर्णन लिहायला लावलं. मुलांना हे काम आवडलं नाही. पण ज्याला आकृतीचं वर्णन एका ओळीत करता येत नाही त्याला ती आकृती समजलेली नसते, हे मला तपासताना फार उपयोगी पडलं.

सप्टेंबरमध्ये सभागृहात पालकांसमोर सादरीकरण होतं. मी आदल्या दिवशी जाऊन बघून आले. तिथला संगणक जुना, इंटरनेट येऊन-जाऊन, आणि मुक्ता फॉन्ट नाही. म्हणून सगळ्या गटांकडून पीडीएफ घेतल्या, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलबरोबरच जातो. ॲनिमेशन आणि व्हिडिओ पीडीएफमध्ये येत नाहीत, म्हणून व्हिडिओ वेगळ्या फाइली करून त्याच फोल्डरमध्ये ठेवले आणि नावांना क्रमांक दिले. गूगल स्लाइड्सला ऑफलाइन वापरायचं असेल तर ती सोय इंटरनेट असतानाच चालू करून ठेवावी लागते. नेट गेल्यावर ती चालू करता येत नाही. त्या दिवशी दुसऱ्या गटाच्या वेळी नेट गेलंच. मुलांनी पीडीएफ उघडली आणि बोलत राहिली, पालकांना कळलंही नाही. गूगल स्लाइड्स, इम्प्रेस आणि पॉवरपॉइंट, तिन्हींमध्ये सादरीकरण चालू असताना ‘बी’ दाबलं की पडदा काळा होतो. लोकांनी आपल्याकडे बघावं असं वाटेल तेव्हा दाबा. मुलांनी ते इतकं मनावर घेतलं की एका गटाने अर्धं सादरीकरण काळ्या पडद्यावरच केलं.

ऑक्टोबरमध्ये आवराआवर. प्रत्येक गटाचं काम पीपीटीएक्स आणि पीडीएफ अशा दोन्ही रूपांत उतरवून शाळेच्या साठ्यात ठेवलं. उतरवताना एक गोष्ट हाती लागली. पीपीटीएक्स ही आतून झिप फाइलच असते. प्रत घेऊन शेवटचं ‘पीपीटीएक्स’ बदलून ‘झिप’ केलं आणि उघडलं, की ‘पीपीटी’ फोल्डरमधल्या ‘मीडिया’ फोल्डरात सगळे फोटो एकत्र मिळतात. प्रयोगांचे फोटो परत मिळवायला एकेक स्लाइड उघडावी लागली नाही. त्यानंतर ज्या सेवा पुढे वापरायच्या नव्हत्या तिथली वर्गाची यादी पुसली, खाती बंद केली आणि बंद केल्याचे ईमेल परवानगीच्या अर्जाला जोडून कार्यालयात दिले. तिथल्या ताईंनी असं कुणी आणून दिल्याचं पहिल्यांदाच बघितलं. कुठल्या फाइलला लावायचे यावर थोडा खल झाला.

पुढच्या सत्रात माझे धडे इम्प्रेसवर, मुलांचे प्रकल्प गूगल स्लाइड्सवर, भित्तीपत्रकं तेवढी कॅनव्हावर. प्रश्नमंजुषेला मेंटिमीटर ठेवायचं की साधे हात वर करायचे, ते अजून ठरत नाहीये. हात वर करण्याला परवानगीचा अर्ज लागत नाही. बाकीचे अर्ज यावेळी सुट्टी लागण्याआधीच देणार आहे. शिक्षक-पडताळणीची मुदत कधी संपते तेही आपल्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये बघून घ्या, आणि लेटरहेडवरच्या पत्राच्या सही केलेल्या दोन प्रती जास्तीच्या घेऊन ठेवा.